लाखेखालची शिवण

फोन आला तेव्हा मी तिरोड्याच्या घरी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते. गोंदियाहून भाची ज्योती बोलत होती. “मावशी, तू ये. आजच ये. अन् येताना गंगा घेऊन ये.” एवढंच बोलून तिने फोन ठेवला. आमच्या घरात ‘गंगा घेऊन ये’ याचा एकच अर्थ होतो, आणि तो मला लहानपणापासून माहीत आहे. सूप तसंच टाकलं, देवघरातली बाटली टॉवेलात गुंडाळली आणि बसस्टँड गाठलं. ही बाटली आडवी करायची नाही, असा आईचा दंडक. म्हणून सबंध रस्ताभर ती मांडीवर उभी धरून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, “घासतेल होय का वो?” मी म्हटलं, “नाही, गंगा आहे.” ती बिचारी जरा सरकून बसली. बस आपली प्रत्येक फाट्यावर थांबत होती. मला उतरून मागून ढकलावी असं वाटत होतं.

ज्यांच्यासाठी गंगा नेत होते ते खेमराज भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन आता सात आठवडे होतील. या सात आठवड्यांत मी एका जागी धड बसलेली नाही. जेवताना उठते, उठून काय आणायचं होतं ते विसरते, गादीचे अभ्रे दोनदा धुऊन झाले. नुसतं भाऊजींचं कौतुक करायचं असतं तर लेख लिहायची गरज नव्हती, तेराव्याला आलेल्या लोकांनी ते पोटभर केलं. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. त्या दुपारी मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. एका बाटलीबद्दल. आणि बाटलीबद्दल खोटं बोलायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्या माणसाने जन्मभर पाळली होती.

भाऊजींनी सगळी नोकरी गोंदियातल्या एका छापखान्यात काढली. बिडीच्या कट्ट्यांवरची लेबलं छापणारा छापखाना. बोटांना कायम शाईचा वास. ताई म्हणायची, “यांच्या हातचं पानी पेलं तरी लाल-हिरवं लागते.” बाटल्यांचा नाद त्यांना लागला तो लेबलांमुळेच. एकदा मुर्रीच्या रस्त्यावर भंगाराच्या दुकानात काही घ्यायला गेले होते. तिथे पोत्यात सोड्याची एक जुनी बाटली दिसली, तिच्यावर लेबलाचा अर्धा तुकडा. भाऊजींनी तो तुकडा डोळ्याजवळ नेला आणि उभेच राहिले. त्यातल्या ‘ड’ची शेपटी तुटलेली होती. तो तुटक्या शेपटीचा खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, त्यांच्याच छापखान्यात, त्यांच्याच हाताखालच्या खणात अजून पडलेला होता! म्हणजे हे लेबल आपल्याच जागेवर, आपल्या आधी कुणीतरी उभं राहून छापलेलं... घरी आले ते बाटली छातीशी धरून. ताईला वाटलं, दारू आणली. तो दिवस आणि शेवटचा दिवस, मध्ये चाळीसेक वर्षं गेली, पण घरातली बाटल्यांची रांग कधी थांबली नाही.

तुम्हाला वाटेल, सोड्याच्या बाटलीत असं काय वाचायचं? मलाही वाटायचं. मी शिक्षिका, तोंडाने फटकळ आणि मुलखाची घाईची. रविवारी त्यांच्या मोपेडवर मागे बसून भंगारवाल्यांकडे जायचे ती मजा म्हणून. पण हळूहळू मला कळायला लागलं. लेबल सुटं मिळालं तर त्याच्या पाठीवरून बोट फिरवायचं. अक्षरांचे उंचवटे लागले तर खिळ्यांची छपाई, नाही लागले तर नंतरची. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर आणखी नंतरची. किंमत आण्यांत की पैशांत, माप औंसात की मिलिलिटरमध्ये, फोनचे आकडे किती. आणि सगळ्यांत सोपी खूण म्हणजे गावाच्या नावापुढे काय लिहिलंय ते. गोंदिया, सी. पी., म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, असेल तर इंग्रजांच्या काळचं. मध्यप्रदेश असेल तर त्यानंतरचं. मग थोडे दिवस मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. जिल्हा भंडारा तर परवापरवापर्यंत होता. भाऊजी हसून म्हणायचे, “गोंदिया जागचं हाललं नाई, अन् चार सरकारांत राहून आलं.” त्या हसण्यात थोडा अभिमानही असायचा.

काचेचं शास्त्र मात्र वेगळं. सोडावाले बाटल्या पुन्हा पुन्हा भरायचे. त्यामुळे काच एका काळची, लेबल दुसऱ्या काळचं, आणि काचेवर उठवलेलं नाव तिसऱ्याच गावच्या कारखान्याचं, असं सर्रास व्हायचं. म्हणून भाऊजी दोन तारखा वेगळ्या लिहायचे. बाटली बनली कधी आणि भरली कधी. बनली कधी हे बघायचं तर शिवण बघायची. काच साच्यात घालतात, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बाटलीच्या अंगावर एक बारीक उभी रेघ उठते. तिला ते शिवण म्हणायचे. जुन्या बाटल्यांचं अंग साच्यातलं, पण तोंड हाताने वेगळं घडवलेलं. त्यामुळे शिवण खांद्यावरून वर चढते आणि गळ्यात नाहीशी होते. पुढे यंत्रं आली, तोंडासकट सबंध बाटली साच्यातूनच निघू लागली, तेव्हा शिवण थेट ओठाच्या कडेपर्यंत जाऊ लागली. एवढीच गोष्ट. पण ती बघायची त्यांची एक रीत होती. आधी डोळ्यांनी. मग डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने, खालून वर, सावकाश. आणि मग बाटली ठेवून द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं, आणि तेव्हाच कार्डावर लिहायचं. मी पहिल्याच नजरेत ठोकून द्यायचे, “हातची आहे, लिहून टाका.” त्यावर त्यांचं ठरलेलं, “काऊन घाई करून राहिली वो कुंदा? बाटली पळून जाऊन राहिली का? आज पायलं, उद्या अजून पाय. मंग लिही.”

ती कार्डंही त्यांनी स्वतः केलेली. छापखान्यात बिघडलेल्या लेबलांचे गठ्ठे पडायचे, जाड कागदाचे. ते पोस्टकार्डाएवढे कापून भाऊजी कोऱ्या पाठीवर लिहायचे. एका बाजूला वाकडा छापलेला वाघ नाहीतर मोर, दुसऱ्या बाजूला बाटलीची हकिगत. आणि प्रत्येक माहितीपुढे दोनपैकी एक शब्द. ‘स्वतः पाहिले’ किंवा ‘ऐकीव’. ऐकीव असेल तर पुढे सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. चोरखमारा गावाकडच्या एका शेतकऱ्याकडे गोल बुडाची एक बाटली मिळाली होती, उभीच न राहणारी. तो तिच्याने बैलांना औषध पाजायचा. त्याच्या आजोबाला ती रेल्वेच्या साहेबाने दिली होती म्हणे. भाऊजींनी काचेतले बुडबुडे, शिवण, बुडाची जाडी या सगळ्यांपुढे ‘स्वतः पाहिले’ लिहिलं. साहेबाच्या गोष्टीपुढे ‘ऐकीव’, त्या शेतकऱ्याचं नाव, गाव. मी म्हटलं, “एवढी छान गोष्ट, तिला असं बाजूला काऊन बसवता?” ते म्हणाले, “बाजूले कुठं बसवलं? गोष्टच होय ते. गोष्टीच्या जागेवर बसवली.”

या हट्टापायी माणसं दुखावायची. गोंदियातल्या एका सोडा कारखान्याच्या घरचे गृहस्थ एकदा मोठ्या उत्साहाने आले. पणजोबांनी कारखाना टाकला तेव्हाची पहिली बाटली सापडली म्हणाले, लेबलासकट. कार्यक्रम करायचा होता, हार घालून ती बाटली मांडायची होती, आणि जाणकार म्हणून भाऊजींनी चार शब्द बोलायचे होते. भाऊजींनी बाटली खिडकीशी नेली, फिरवली, लेबल वाचलं आणि परत आणून ठेवली. “पिनकोड हाय याच्यावर,” एवढंच म्हणाले. पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. ताईने मग त्यांची जी काही खरडपट्टी काढली! “हो म्हटलं असतं तं काय बिघडत होतं? त्या मानसाची केवढी हौस होती! तुमच्या बापाचं काय जात होतं?” भाऊजी तिच्याकडे खरोखरच न कळल्यासारखे बघत राहिले. “मंग कार्डावर काय लिहू?” म्हणाले. हा प्रश्न ते वाद घालण्यासाठी विचारत नव्हते. त्यांना तो पडायचाच.

आणि असा माणूस माझ्या बाबतीत मात्र एकदा गप्प बसला. दिवाळीच्या आधी मी ताईकडे साफसफाईला गेले होते. माळ्यावर नव्याने आलेली एक बाटली धुळीने माखलेली, तिच्यावर खरकट्यासारखा काळपट कागद. मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि बाटली बुडवून ठेवली. जुनी लेबलं तांदळाच्या खळीने चिकटवलेली असायची, ती पाण्यात काय टिकणार? तासाभराने बाटली लख्ख निघाली, मी ती उन्हात ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसले. भाऊजी आले, बाटली बघितली, मग मोरीत गेले आणि जाळीत अडकलेला कागदाचा लगदा चिमटीने काढून ताटलीत घेतला. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. ते लेबल अख्खं होतं. तसलं दुसरं त्यांना पुढेही कधी मिळालं नाही. मी रडायला लागले तर म्हणाले, “राहू दे, काच तं हाय.” बस्स. कितीतरी दिवसांनी मी चोरून ते कार्ड काढून बघितलं. लिहिलं होतं, ‘लेबल होते. धुतले गेले. स्वतः पाहिले.’ कुणी धुतलं, ते नाही. इतर सगळ्या कार्डांवर बारीकसारीक माणसांची नावं, आणि इथे मात्र जागा कोरी.

आता आमच्या बाटलीकडे येते. मुर्रीला आमच्या माहेरच्या घरी देवाच्या कोनाड्यात, उजव्या हाताला ती असायची. जाड, हिरवट काचेची, लेमनची की कसली, बुचाची बाटली. आजोबांनी प्रयागहून गंगा आणली, वडिलांचा जन्म व्हायच्या आधी, ती हीच, असं घरात सगळे सांगायचे. बुचावर लाख ओतलेली. आमच्याकडची पळसावरची लाख, तोंडापासून पार अर्ध्या गळ्यापर्यंत. ती फोडायची फक्त घरातलं कुणी जायला निघालं तर. पोटावर गोंदियाच्याच कुठल्याशा सोडावाल्याचं लेबल होतं, पण आई रोज पूजेत देवांबरोबर बाटलीलाही हळदकुंकू लावायची. इतक्या वर्षांच्या कुंकवाचा थर बसून लेबलाची खालची ओळ, जिथे सरकारचं नाव असणार, ती बुजून गेली होती. वर फक्त अर्धी कमान आणि तिच्यावर बसलेला एक पक्षी दिसायचा.

भाऊजी लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला आले तेव्हा त्यांना बाटल्यांचा नाद नव्हता, म्हणून ती दिसली नाही. नाद लागल्यावर मात्र आले ते थेट कोनाड्यापाशी. आई म्हणाली, “हात नका लावू जवाईबापू. गंगामाय होय ते.” त्यांनी विचारलं, “नुसती फिरवून पाहू का, आई? बूड पाहतो.” आई पाटावरून उठलीच. “गंगामायले कोनी उलटी करते का?” संपलं. त्यानंतर दर भेटीत भाऊजी कोनाड्यापासून दोन पावलं लांब मांडी घालून बसायचे आणि हातातली बॅटरी बाटलीवर मारायचे. आई पोळ्या लाटता लाटता लक्ष ठेवून. मी कितीदा कानात सांगितलं, आई दुपारी झोपते, तेव्हा या, मी काढून देते. ते म्हणायचे, “आई नाई म्हनल्या ना.” मला त्यांचा वैताग यायचा. त्यांच्या कार्डावर या बाटलीबद्दल जे होतं ते सगळं दोन पावलांवरून पाहिलेलं. ‘मुर्री. देवघरातली. अंगावर शिवण आहे, खांद्यावरून वर चढते, लाखेखाली शिरते. पुढे?’ एवढंच. हे प्रश्नचिन्ह त्यांनी मला कितीतरी वेळा दाखवलं असेल. गळ्यात संपत असेल तर बाटली आजोबांच्या काळाची असू शकते. वरपर्यंत जात असेल तर नाही. लाख फुटल्याशिवाय कळायचं नाही. आणि लाख फुटायची म्हणजे घरातलं कुणीतरी जायला हवं.

त्यातली गंमत म्हणा की काय म्हणा, पण लाख फुटायचा योग येईना. वडील नागपूरला दवाखान्यात वारले, बाटली मुर्रीला. आई गेली ती झोपेतच, सकाळी चहाला उठवायला गेलो तर थंड. दोघांच्याही मुखी गंगा पडली नाही. बाटली माझ्याकडे तिरोड्याला आली, तिच्यावरचं कुंकू तसंच. मी भाऊजींना म्हटलं, “आता घ्या. आता कोण नाही म्हणतंय?” त्यांनी पहिल्यांदा ती हातात घेतली. उभीच. किती वेळ धरून बसले... “कुंकू ओल्या फडक्याने निघेल,” मी म्हटलं, “खालची ओळ तरी वाचा!” ते म्हणाले, “हे आईचं बोट होय, कुंदा. रोजचं. पुसून काय वाचू?” आणि लाख? “तिचा टाइम येईल तवा.” बाटली त्यांनी परत माझ्या देवघरात ठेवली. मी कपाळावर हात मारून घेतला.

तो टाइम आला तो त्यांच्याचसाठी. मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस झाले होते. समोरच्याच खोलीत खाट, भिंतीशी बाटल्यांची फडताळं, सगळ्या काचांवर ऊन. अंगात काही उरलं नव्हतं, पण नजर स्वच्छ होती. मी टॉवेल सोडला आणि त्यांना बाटली दिसली. ताईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, ज्योतीने तुळशीचं पान आणलं. मी अडकित्त्याच्या दांड्याने लाखेवर ठोकायला लागले. पहिले दोन-तीन फटके नुसतेच गेले, मग एक मोठी खपली उडाली. बूच काळं पडलेलं, ते दोन तुकड्यांत निघालं. मी वाटीत पाणी ओतायला बाटली कलती केली, तेवढ्यात त्यांचा हात हलला. “आधी... शिवण.”

चष्मा माझ्या डोक्यावर होता. डोळे भरलेले. गळ्याला अजून लाखेचे तुकडे चिकटून होते, ते खरवडून काढायला हवे होते, बाटली उजेडाला धरायला हवी होती, नख लावायला हवं होतं. मिनिटभराचं काम. पण मी बाटलीकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एक श्वास गेला की दुसरा येईल की नाही याचा भरवसा नव्हता, आणि गंगा अजून मुखात पडायची होती. आईवडिलांच्या वेळी उशीर झाला तसा आता होऊ द्यायचा नव्हता. मी म्हणून टाकलं, “गळ्यातच संपते, भाऊजी. हातचीच आहे. आजोबांच्या वेळचीच.” खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नख लावलं?” मी म्हटलं, “लावलं.” ते म्हणाले, “बरं.” मग तोंड उघडलं. तुळशीच्या पानावरून दोन थेंब, मग आणखी दोन. ते त्यांनी गिळले. मी अंगणात जाऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

लोक म्हणतात, बाई गं, किती पुण्याचं काम केलंस, गंगा वेळेवर नेलीस. मी मान हलवते. मला राहून राहून दुसरंच आठवतं. ज्या माणसाने एका अनोळखी गृहस्थाचा हार-समारंभ मोडला पण पिनकोडावर पांघरूण घातलं नाही, त्याला शेवटचं उत्तर मी न बघता दिलं. त्याने जन्मभर वाट पाहिलेलं उत्तर. नंतर तरी बघायचं होतं ना? तेही नाही. उरलेलं पाणी तुळशीला घातलं, बाटली टॉवेलात गुंडाळली आणि तिरोड्याला आणली. टॉवेल सोडायचा धीर झाला नाही. देवघरातून कपाटात ठेवली, कपाटातून माळ्यावर, माळ्यावरून पुन्हा खाली. जिथे ठेवेन तिथे ती डोळ्यापुढे.

त्यातच ताईने कार्डांचे दोन पत्र्याचे डबे माझ्याकडे पाठवले. गोंदियातल्या एका कॉलेजने बाटल्यांसाठी कपाटं द्यायचं कबूल केलं आहे. प्रत्येक बाटलीपुढे चिठ्ठी हवी, आणि घरात बरं अक्षर माझं. मी रोज बसायचे, दहा-दहा कार्डं उतरवायचे. ‘स्वतः पाहिले’, ‘ऐकीव’, ‘स्वतः पाहिले’... त्यांचं बारीक, उभं अक्षर. लेबल धुतलेल्या बाटलीचं कार्ड आलं तेव्हा उठून दोन खोल्या झाडून आले. आमच्या बाटलीचं कार्ड मात्र डब्यात नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. ज्योतीला फोन केला, तर ती म्हणाली, “ते माझ्याजवळ आहे, मावशी. बाबांच्या उशीखाली होतं. त्या दुपारी तू तोंड धुवायला गेली ना, तेव्हा त्यांनी पेन्सिल मागितली होती. मीच हात धरला. तुला द्यायचं राहून गेलं.”

परवा ती येऊन देऊन गेली. एका बाजूला वाकडा छापलेला मोर. दुसऱ्या बाजूला जुनी ओळ, ‘लाखेखाली शिरते. पुढे?’ प्रश्नचिन्ह खोडलेलं नव्हतं. त्याच्यापुढे पेन्सिलीने, अक्षरं एकमेकांवर चढलेली, ‘गळ्यातच संपते.’ आणि त्यापुढे, ‘ऐकीव —’

आधी मला राग आला. अस्सा राग! मरता मरता माणसाने माझा शब्द ‘ऐकीव’मध्ये टाकावा? गंगा मुखात घेऊन? मी ते कार्ड टेबलावर आपटलं. चहा टाकला, तो उतू गेला. मग पुन्हा कार्ड हातात घेतलं तेव्हा ती रेघ दिसली, ‘ऐकीव’च्या पुढची. तिच्यापुढे काही नव्हतं. बैलांना औषध पाजणाऱ्याचं नाव त्यांनी लिहिलं होतं, भंगारवाल्यांची नावं लिहिली होती, गावांसकट. इथे नाव लिहायची ताकद नव्हती म्हणावं, तर ‘गळ्यातच संपते’ एवढं लिहायची होती. त्यांना कळलं होतं. मी नख लावलं नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि ‘बरं’ म्हणून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं होतं. मग कार्डावर खरं ते लिहिलं आणि माझं नाव वाचवलं. दुसऱ्यांदा. मी ओट्याशी उभी राहून ओक्साबोक्शी रडले, तेराव्याला रडले नव्हते तशी.

आज सकाळी टॉवेल सोडला. बाटली खिडकीत नेली. कुंकवाला हात लावला नाही, ते आईचं आहे, तसंच राहील. गळ्यावरचे लाखेचे तुकडे काडीने काढले, घाई न करता. आधी डोळ्यांनी पाहिलं. मग डोळे मिटले, अंगठ्याचं नख खांद्यावर टेकवलं आणि खालून वर नेलं. नख गळ्यात थांबलं नाही. वर गेलं, ओठाच्या जाड कडेवर चढलं, आणि पार टोकाला जाऊन रिकाम्या हवेत आलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग आजोबांची गंगा कशात होती, या बाटलीत ती कुणी ओतली, कधी, हे विचारायला मुर्रीच्या घरात आता कुणी नाही. आणि ज्यांना हे सांगायला धावत जावं, तेही नाहीत. भाऊजी, तुम्ही हवे होतात हो... नुसतं “उद्या अजून पाय” म्हणायला तरी.

बाटली खिडकीतच उभी आहे. उद्या पुन्हा नख लावेन आणि मगच ‘स्वतः पाहिले’ लिहीन, त्याला आज हात लावणार नाही. कार्ड मात्र समोर ओढलं, ज्योतीने आणलेली त्यांचीच पेन्सिल घेतली, आणि ‘ऐकीव’पुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘कुंदा, तिरोडा.’ ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायची गरज नव्हती.